माडावर चढलेले मासे

गेल्या जूनमध्ये आमच्या गावातल्या वाचनालयानं मुलांसाठी पावसाच्या गोष्टींची एक संध्याकाळ ठेवली होती. मूळचे कुडाळकडचे, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी मालवणीत एक गजाल, म्हणजे गप्पांत रंगवून सांगायची गोष्ट, सांगितली. "त्या वर्साक असो पाऊस लागलो, की व्हाळातले मासे परसातल्या माडार चढले. शाळी काढूक गेलेलो गडी खांद्यार मासे घेवन उतरलो." मुलं हसून लोळली. दुसऱ्या दिवशी पालकांत वाद पेटला आणि दोन आठवडे धुमसत राहिला. एका गटाचं म्हणणं असं, की हवामानबदलाच्या काळात मुलांना पावसाबद्दल खोटं सांगणं हा गुन्हा आहे, वाचनालयानं अशा थापा बंद कराव्यात. दुसऱ्या गटानं तितक्याच आवेशानं सांगितलं, की ही थाप नाहीच. मासे झाडावर चढतात हे विज्ञानानं मान्य केलंय आणि आपल्या पूर्वजांना ते आधीपासून ठाऊक होतं. शेवटी वाचनालयानं पुढची संध्याकाळच रद्द केली.

मला दोन्ही गट चुकलेले वाटतात आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही गजाल बातमीसारखी ऐकली. एकाला ती खोटी बातमी वाटली, दुसऱ्याला खरी. मुलांनी मात्र ती गजाल म्हणूनच ऐकली, म्हणून ती हसली. पाऊस, ऊन, वारा, दुष्काळ यांच्याबद्दलच्या लोणकढी थापांत कल्पना आणि वास्तव एकत्र शिवलेलं असतं, पण शिवण लपवलेली नसते. ती ऐकणाऱ्याला दिसावी अशीच घातलेली असते. म्हणून या थापा कुणाला फसवत नाहीत, आणि म्हणूनच नोंदवह्यांतून निसटणारं बरंच काही त्यांच्यात टिकून राहतं. येणाऱ्या वर्षांत पाऊस-पाणी जितकं अवघड होत जाईल, तितकी आपल्याला या गोष्टींची गरज वाढेल, असं माझं मत आहे.

त्या गजालीतच पाहा ना, खोटं किती आहे? कोकणात मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की नदी-खाडीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. वहाळ, ओढे, पाट ओलांडून थेट भातखाचरांत येतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. उत्तर कोकणात याच गोष्टीला वलगण म्हणतात. रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन माणसं ते पकडायला बाहेर पडतात. म्हणजे मासे चढतात हे खरं, वहाळातून परसापर्यंत येतात हेही खरं, पावसाळ्यात निसरड्या माडावर चढणारा गडीही खरा. खोटा आहे तो फक्त शेवटचा टप्पा, परसापासून शेंड्यापर्यंतचा. नव्वद पावलं खऱ्या जमिनीवर टाकून सांगणारा शेवटची दहा हवेत टाकतो. जमीन कुठे संपली हे ज्याला कळतं तोच हसतो, आणि ते कळण्यासाठी आधी जमीन ठाऊक असावी लागते. त्या संध्याकाळी दोन मुलांनी घरी जाऊन विचारलं, की मासे खरंच किती वर येतात? हवामानाचा कुठला तक्ता मुलांकडून असा प्रश्न काढून घेतो?

आता दुसऱ्या गटाचं. त्यांनी ज्याचा आधार घेतला तो मासा खरा आहे. दक्षिण आशियातल्या गोड्या पाण्यातला ॲनाबास कल्ल्यांच्या झाकणांवर टेकत ओल्या जमिनीवरून सरपटतो, पाण्याबाहेर बराच वेळ जगतो. डॅनिश कंपनीच्या डाल्डॉर्फ नावाच्या अधिकाऱ्यानं तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबारला हा मासा ताडाच्या खोडावर चढताना पाहिल्याचं लिहिलं आणि लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेनं ते १७९७ मध्ये छापलं. मासा खरोखर झाडावर चढतो का, यावर पुढे अभ्यासकांत बरीच वर्षं वाद झाला. गंमत वाटते ती याची, की गंभीर आवाजात, तारीख-ठिकाणासह सांगितलेल्या गोष्टीनं विद्वानांना कामाला लावलं. कुडाळच्या गजालीनं कुणाचीही अशी दिशाभूल केली नाही.

'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणाऱ्यांनी रूपकुंडाचीही गोष्ट लक्षात ठेवावी. उत्तराखंडातल्या पाच हजार मीटर उंचीवरच्या त्या तळ्याकाठी शेकडो माणसांचे सांगाडे आहेत. तिकडच्या लोकगीतात कनौजच्या राजाची गोष्ट आहे: नंदादेवीच्या यात्रेत त्यानं मर्यादा मोडली, देवी कोपली आणि तिनं आभाळातून लोखंडासारख्या गारा टाकल्या. २००४ च्या संशोधनात कवट्यांवर वरून बसलेल्या गोल, बोथट माराच्या खुणा आढळल्या आणि गारपिटीची शक्यता पुढे आली. सगळ्यांना वाटलं, गाणं खरं ठरलं. मग २०१९ मध्ये हाडांतल्या जनुकांचा अभ्यास आला. सांगाडे एका वेळचे नव्हतेच. काही नवव्या शतकाच्या आसपासचे, काही त्यानंतर हजारेक वर्षांनी मेलेल्यांचे, आणि त्यांत भूमध्य समुद्राकडच्या वंशाची माणसं होती. गाणं खोटं ठरलं का? माझ्या मते नाही. त्या उंचीवर गारांनी माणूस मरू शकतो, हे त्या गाण्यानं पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंना सांगितलं, एवढं काम त्यानं नीट केलं. त्याच्याकडून इतिहासाचा दाखला मागितला तो आपण. लोककथेवर प्रमाणपत्राचा शिक्का मारायला गेलं, की उद्या शिक्का पुसला गेल्यावर कथाही टाकून दिली जाते. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच हे करावं याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या गटाला एक विचारतो. थापा बंद करायच्या तर सुरुवात कुठून करायची? आपण 'मुसळधार' म्हणतो. पावसाची धार मुसळाएवढी जाड असते का? 'आभाळ फाटलं' म्हणतो. 'ढगफुटी' या शब्दात तर ढग ही पखाल आहे आणि ती उसवली आहे, अशी सबंध गोष्टच दडलेली आहे. हवामानशास्त्रानं तो शब्द टाकला नाही, त्याला माप दिलं: लहानशा भागावर तासाभरात साधारण १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. कल्पनेनं आधी शब्द घडवला, मोजमाप मागून आलं. आज गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणानं. साठ-सत्तर मिलिमीटरच्या सरीलाही बातम्यांत सर्रास ढगफुटी म्हटलं जातं, आणि तेही अगदी सरळ चेहऱ्यानं. शिवण पुसलेली अतिशयोक्ती ती हीच.

या थापांची आणखी एक शिस्त आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. माणूस आपल्याच हवामानाबद्दल थापा मारतो. कोकणातला म्हातारा उन्हाळ्याच्या बाता मारत नाही आणि चंद्रपूरचा माणूस थंडीच्या मारत नाही. थंडीच्या थापा जिथे थंडी माणूस मारते तिथल्या. बोलता बोलता शब्द हवेत गोठतात आणि उन्हाळ्यात वितळून ऐकू येतात, ही गोष्ट प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कनं नोंदवली आहे, सोळाव्या शतकात फ्रेंच लेखक राबलेच्या पुस्तकात ती आहे, आणि अठराव्या शतकात म्युनचाउझेन या थापाड्या सरदाराच्या गोष्टींत गोठलेले सूर शेकोटीपाशी शिंगातून आपोआप वाजू लागतात. त्याच म्युनचाउझेननं बर्फातल्या खुंटाला घोडा बांधला आणि सकाळी बर्फ वितळल्यावर तो चर्चच्या मनोऱ्याला लटकलेला दिसला. यातलं काहीही आपल्या मातीत सुचलं नसतं. आपल्याकडे पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस आहे, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' आहे. सगळ्या प्रदेशांच्या थापा एका नकाशावर मांडल्या, तर तो बराचसा त्यांच्या हवामानाचाच नकाशा होईल.

पहिल्या गटाचा एक मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. खोट्या गोष्टीनं माणसं मरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत लाट येतेय, धरण फुटलंय अशी आवई उठली आणि रात्रीच्या पळापळीत चेंगरून माणसं मेली. त्सुनामीला तेव्हा सातच महिने झाले होते, आणि मुंबई नुकतीच बुडून वर आली होती. अशा वेळी अतिशयोक्ती म्हणजे काडीपेटी, हे मला मान्य आहे. पण ती आवई नीट ऐकून पाहा. तिच्यात माडावर चढलेला एक तरी मासा होता का? 'धरण फुटलं' हे तीन-चार शब्दांचं, अगदी घडू शकणारं, कोरडं वाक्य. अफवेला कल्पना परवडतच नाही. तिला विश्वास हवा असतो, म्हणून ती खऱ्याची नक्कल करते. गजालीला विश्वास नको असतो, मांडी ठोकून बसलेला ऐकणारा हवा असतो. व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात कुठल्या तरी परदेशी पुराची चित्रफीत आपल्या घाटाच्या नावानं फिरते, ती अफवेच्या कुळातली. तिला आणि आजोबांच्या गोष्टीला एकाच दावणीला बांधलं, की मुलांना दोहोंतला फरक ओळखायला शिकवण्याची संधीच आपण घालवतो.

शिवाय त्या जुलैनं आपल्याला आणखी काही शिकवायला हवं होतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्याही आत. खेड्यातला शेतकरी विखुरलेल्या पावसाला काय म्हणतो? "बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं." थापच आहे ही. पण मुंबईसारख्या शहराची एक बाजू बुडाली आणि दुसरी नुसती भिजली, तेव्हा या थापेइतकं अचूक वर्णन आणखी कुणी केलं होतं? आणि हे शिंग फक्त गोष्टीत राहत नाही. आपल्याकडे नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी धरायची ती महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर. मंडळात गावं अनेक, पर्जन्यमापक एखादा. मापकापाशी सर हलकी पडली आणि आठ किलोमीटरवरच्या रानात सोयाबीन वाहून गेलं, तर कागदावर अतिवृष्टी झालेलीच नसते. शेतकरी वर्षानुवर्षं हीच तक्रार करत आले आहेत. मोजमाप हवंच, मापकं वाढवा, हेच तर त्यांचं मागणं आहे. पण एका मापकाचा आकडा साऱ्या मंडळाचा पाऊस मानणं ही वास्तववादाच्या कपड्यातली कल्पना झाली, आणि बैलाच्या शिंगाची गोष्ट ही कल्पनेच्या कपड्यातलं वास्तव.

दुसरा आक्षेप माझ्या एका मित्राचा, आणि तो पहिल्याहून अवघड. तो म्हणतो, जुन्या पावसाच्या गोष्टी आज 'आमच्या वेळीही असंच व्हायचं' म्हणायला वापरतात, आणि त्यातून हवामान बदलतंय हेच नाकारलं जातं. खरं आहे. आठवण म्हणजे आकडा नव्हे. पर्जन्यमापकाची जागा आजोबा घेऊ शकत नाहीत. पण 'आमच्या वेळीही असंच व्हायचं' हे वाक्य पुन्हा वाचा. त्यात गोष्ट नाही, वर्ष नाही, गाव नाही, मासा नाही. तो सरळ आवाजातला दावा आहे, आणि त्याला सरळ आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. हवामानाबद्दल माणसाला सर्वांत महाग पडलेली खोटी गोष्ट अशाच सरळ आवाजात सांगितली गेली होती, याचा एक दाखला इतिहासात आहे आणि तो मला फार बोलका वाटतो.

अमेरिकेच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेली गवताळ मैदानं आहेत. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला साधारण वीस इंचांच्या खाली जातो आणि निव्वळ पावसावरची शेती भरवशाची राहत नाही. १८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञानं सरकारी अहवालात हे स्पष्ट लिहिलं. १८६२ च्या कायद्यानं कुटुंबामागे १६० एकर जमीन देणं इथे चालणार नाही, पाणी पाहून वाटप करा, असं त्याचं सांगणं होतं. पण त्याच सुमारास दुसरं एक शास्त्र लोकप्रिय होत होतं. १८८१ मध्ये चार्ल्स डाना विल्बर या लेखकानं त्याला घोषवाक्य दिलं: पाऊस नांगरामागून येतो. माती नांगरली की ती पाणी धरते, पाणी वर जातं, ढग होतात, पाऊस वाढतो. नेब्रास्काच्या विद्यापीठातला प्राध्यापक याला दुजोरा देत होता, जमीन विकणाऱ्या रेल्वे कंपन्यांना तर ते हवंच होतं. योगायोगानं ती वर्षं ओली गेली, म्हणून पुरावाही डोळ्यांसमोर दिसत होता. यात ना देव होता, ना राक्षस, ना माडावरचा मासा. सगळं कसं शास्त्रशुद्ध! माणसं बैलगाड्या भरून तिकडे गेली. १८९० च्या दशकात पाऊस फिरला आणि हजारो कुटुंबं सगळं टाकून परतली. पुढे गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले, लाखो एकर गवत उलथलं गेलं, आणि १९३० च्या दशकात ती उघडी माती उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळात भर दुपारी अंधार झाला. त्या दिवसाला तिकडे आजही 'काळा रविवार' म्हणतात.

आणि तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी काय सांगायला सुरुवात केली? एका माणसाच्या अंगावर पावसाचा थेंब पडला, तो धक्क्यानं बेशुद्ध झाला, शुद्धीवर आणायला तोंडावर दोन बादल्या माती मारावी लागली. बिळं करणारा प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातला प्राणी वरच्या वर हवेतच बीळ खणताना दिसला. एक शेतकरी ओट्यावर बसून समोरून उडत जाणारी शेतं मोजत होता, अमक्याचं गेलं, तमक्याचं गेलं. सगळ्या थापा. पण नांगरामागून काय येतं हे त्यांनी खरं खरं सांगितलं. उडणारी शेतं ही तर उपमासुद्धा म्हणता येणार नाही. मे १९३४ च्या वादळात तिथली माती न्यूयॉर्क ओलांडून अटलांटिकमधल्या जहाजांवर पडली होती. मृदसंधारणाचा कायदा व्हावा म्हणून मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट अमेरिकेच्या संसदेपुढे बोलत होता, त्या दिवसांत वॉशिंग्टनचं आकाशही त्याच धुळीनं भरलं, आणि एप्रिल १९३५ संपण्याआधी कायदा झाला. शास्त्राच्या आवाजातल्या खोट्यानं माणसं उद्ध्वस्त केली आणि उघड्या थापांनी त्यांचा अनुभव जपला. मग मुलांना कुणापासून वाचवायचं आहे आपल्याला?

तिसरा आक्षेप कुणी उघड बोललं नाही, पण मला स्वतःला तो छळतो. ज्यात माणसं मरतात, गुरं मरतात, त्याची गोष्ट हसत सांगावी का? बाहेरच्यानं सांगितली तर ती चेष्टा होते, हे मी मान्य करतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या आगगाडीवर दूरच्या शहरांत झालेले विनोद मला तेव्हाही सहन झाले नव्हते. सांगणारा कोण, यावर इथे सगळं ठरतं. ज्यानं सोसलं त्यानं फुगवून सांगितलं, तर तो त्या संकटावर थोडीशी मालकी मिळवत असतो. पावसानं त्याला विचारलं नव्हतं. गोष्टीत मात्र पाऊस त्याच्या शब्दानं पडतो.

माझ्या वडिलांचं गाव बीड जिल्ह्यातल्या केजकडचं, आणि आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तिची गोष्ट दरवर्षी वाढत जायची. आधी ऊन इतकं होतं, की दगडावर भाकरी भाजायची. पुढच्या वर्षी विहिरीतला पोहरा वर येईपर्यंत पाण्याची वाफ व्हायची. मी कॉलेजात गेलो तोवर सावल्याही आटल्या होत्या आणि कामावरच्या बायका एकमेकींकडून दुपारपुरती सावली उसनी मागत होत्या. "संध्याकाळी परत द्यायची बरं का," ती म्हणायची, "ठेवून घेतली तर भांडणं व्हायची." पण मध्येच कुणी मिलोची भाकरी पांढरी म्हटलं, की ती थांबायची. मिलो लाल होती. अमेरिकेतून आलेली, म्हणजे तिकडच्या त्याच कोरड्या मैदानांत पिकणारी ज्वारी, हे मला फार नंतर कळलं. सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा कोरडा खाऊ, किती मिळायची ते ती ओंजळ करून दाखवायची आणि ती ओंजळ तीस वर्षांत कधी मोठी झाली नाही. किती ब्रास खडीला हजेरी कशी लागायची, मुकादम कुठल्या बाजूनं मोजायचा, पाझर तलावाच्या कामावर कुठल्या वाडीच्या बायका होत्या, यातला शब्दही बदलायचा नाही. सावली फुगवायची, सुकडी नाही, हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता.

घरात तेव्हा दोन बैल होते. वैशाखात वैरण संपली आणि आजोबा त्यांना बाजारात घेऊन गेले. आम्ही मुलं तिथे नेहमी गोष्ट लांबवायचा हट्ट धरायचो. आजी, मग बैल काय बोलले? ते पळून परत आले का? ती फक्त त्यांची नावं सांगायची, सर्जा आणि ढवळ्या, आणि आलेली रक्कम. मग उठून चुलीकडे जायची.